कानाझावा–ताकायामा बसप्रवास: शिराकावा-गोला मुक्काम कराच

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन जपानमध्ये कानाझावाहून ताकायामाला बसने जाताना वाटेतल्या शिराकावा-गो या जुन्या घरांच्या गावी दोन तास उतरलं तर पुरेल का, मोठ्या बॅगांचं काय करायचं आणि शाकाहारी माणसांच्या जेवणाचं कसं. मी नागोयात राहतो. या रस्त्याने चारही ऋतूंत जाऊन आलोय, त्यातली एक खेप माझ्या आईबरोबरची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन तास अजिबात पुरणार नाहीत. आई-बाबांबरोबर तर नाहीच. शक्य असेल तर तिथे एक रात्र राहा, नाहीतर निदान चार तास तरी हाताशी ठेवा.

आधी बसबद्दल. कानाझावा ते शिराकावा-गो साधारण सव्वा तास आणि तिथून ताकायामा पाऊण-एक तास. बसमधूनच सगळा निसर्ग दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. २००८ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून बस डोंगराच्या पोटातून जाते. शिराकावा-गो आणि ताकायामाच्या मधला हिदा बोगदा एकटाच जवळजवळ १०.७ किलोमीटर लांब आहे. बघण्यासारखा भाग सुरुवातीला येतो. कानाझावा सोडल्यावर तोनामीचं मैदान लागतं. तिथे गाव असं एका जागी नाहीच. भातखाचरांत दूर दूर एकेक घर आणि प्रत्येक घराभोवती वारा अडवायला लावलेली झाडांची राई. तेवढा वेळ डुलकी घेऊ नका.

रस्त्याचीच मजा हवी असेल तर कानाझावाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-ताकाओकाला या आणि तिथून गोकायामा या डोंगराळ भागातून शिराकावा-गोला जाणारी साधी बस धरा. दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण ती नदीकाठच्या वळणांनी जाते आणि वाटेत आइनोकुरा, सुगानुमा ही छोटी गावंही लागतात. आई-बाबांना वळणांचा त्रास होत असेल तर द्रुतगती मार्गाची बसच बरी.

आता गाव. शिराकावा-गोतल्या ज्या वस्तीत तुम्ही उतरणार तिचं नाव ओगिमाची. १९९५ साली गोकायामाच्या त्याच दोन गावांबरोबर तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इथल्या घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे आपण नमस्काराला जोडतो तसे जोडलेले हात. छपराचा उतार जवळपास ६० अंशांचा, बर्फ साचून राहू नये म्हणून. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. वासे दोरांनी आणि पिळून मऊ केलेल्या ओल्या फांद्यांनी करकचून बांधलेले असतात. वादा कुटुंबाचं घर आतून जरूर बघा. माळ्यावर चढलात की त्या गाठी हाताच्या अंतरावर दिसतात, खालच्या चुलीच्या धुराने काळ्याभोर झालेल्या. या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. गोकायामात जमिनीखाली माती, गवत आणि त्याच किड्यांची विष्ठा वर्षानुवर्षं कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करायचे, आणि तो जायचा कानाझावाच्या सरदारांकडे. आदल्या दिवशी कानाझावाचा किल्ला बघून आलात की ही गोष्ट जास्त भिडते.

छपराचं गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं. हे काम एका घराच्या आवाक्यातलं नाही, म्हणून सगळं गाव मिळून करायचं. त्याला ते ‘युई’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात शाकारणीला किंवा लावणीला सावड करतात, अगदी तेच. माझ्या आईला बाकी काही समजावावं लागलं, हे एका शब्दात कळलं.

बस थेट गावाच्या एका टोकाला सोडते, त्यामुळे चालणं फार नाही. गावावरून नजर फिरवायची असेल तर शिरोयामाच्या टेकडीवर जायला गावातून छोटी बस मिळते. आई-बाबांना चढ चढायला लावू नका.

मुक्काम का म्हणतोय? दहा ते तीन गावात इतकी गर्दी असते की घरं दिसतात पण गाव दिसत नाही. शेवटच्या बस गेल्या की पाटातल्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. आम्ही एका घरगुती निवासात राहिलो होतो. न्हाणीघर सगळ्यांत एक, खोल्यांमध्ये कागदी सरकती दारं, झोपायला जमिनीवर गाद्या. बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा विचार आधी करा.

जेवण: शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच कळवा, आणि ‘माशाचा अर्कही चालत नाही’ हे स्पष्ट लिहा. भाजी दिसायला शाकाहारी असली तरी रस्सा बहुतेक वेळा सुक्या माशाचा असतो. साधा भात, रानभाज्या आणि इथला घट्ट तोफू सहसा मिळतो. आईने पिशवीतून मेतकूट काढून गरम भातावर घातलं, तेव्हा घराच्या आजींनी वास घेऊन चिमूटभर हातावर मागून घेतलं. तुम्हीही एक पुडी ठेवाच.

बॅगा: बसच्या पोटात मोठ्या बॅगा जातात, तो प्रश्न नाही. प्रश्न उतरल्यावरचा. स्थानकावरचे लॉकर थोडेच आहेत, आणि एकदा अकरा वाजता पोहोचलो तर सगळे भरलेले होते. मी आता मोठी बॅग कानाझावाच्या हॉटेलातून कुरिअरने थेट ताकायामाच्या हॉटेलात पाठवतो आणि एका रात्रीपुरते कपडे पाठीवर घेतो.

ताकायामाला संध्याकाळपर्यंत पोहोचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळ हाताशी राहील, कारण मियागावा नदीकाठचा बाजार सकाळचाच, दुपारपर्यंत आटोपतो. सानमाची या जुन्या पेठेतली दुकानंही पाचच्या सुमारास बंद होऊ लागतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानं रंगलेली असतात, त्यामुळे सगळंच लवकर भरतं. बसचं आरक्षण सहसा महिनाभर आधी उघडतं. पण आधी मुक्कामाची खोली कोणत्या तारखेला मिळते ते बघा आणि मग त्या तारखेभोवती दोन्ही बसची तिकिटं काढा.