ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुडो आधीपासूनच असावं का?

सुडो म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टिममध्ये साध्या युजरला कामापुरते रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, हक्क देणारी कमांड. ती डेस्कटॉपवर असावी, सर्व्हरवर गरज बघून. सुडो नसलं की लोक सरळ रूटनंच लॉगिन करून बसतात. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये बघितलंय: रूटचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, चौघं वापरणार, फाइल कुणी उडवली याचा पत्ता नाही. सुडो असतं तर लॉगमध्ये निदान नाव तरी सापडलं असतं.

पण सुडो स्वतःच रूटच्या हक्कानं चालतं, त्यामुळं त्यातली चूक महागात पडते. २०२१ मध्ये उघड झालेलं सुरक्षेतलं भोक २०११ पासून आत होतं, आणि सुडोअर्स फाइलमध्ये (सुडो कुणी वापरायचं त्याची यादी) नाव नसलेल्यालाही ते रूट करून सोडायचं! ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं तर २०१५ मध्येच सुडो काढून त्याच कामाचं आटोपशीर डूअ‍ॅज घेतलं. मला डेबियन या लिनक्सची पद्धत पटते: इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर पहिल्या युजरला सुडो मिळतं.