अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात डेलावेअर या मूळनिवासी (अमेरिकन इंडियन) जमातीत काम करणारे मिशनरी नक्की कोणाच्या बाजूने होते?

अधिकृतपणे कोणाच्याच नाही. डेव्हिड झाइसबर्गर, जॉन हेकेवेल्डर वगैरे हे मिशनरी मोरावियन या ख्रिस्ती पंथाचे, म्हणजे शस्त्र हातात न घेणारे, आणि १७७२ पासून त्यांनी ओहायोत शोनब्रुन, ग्नाडेनहुटेन अशी ख्रिस्ती डेलावेअरांची गावं वसवली होती, तिथे मका पिकवायचा, प्रार्थना करायची, बस. पण गावं पडली अगदी मधोमध, एकीकडे अमेरिकनांचा फोर्ट पिट, दुसरीकडे ब्रिटिशांचं डेट्रॉइट. त्यात हे दोघं गुपचूप फोर्ट पिटला खबरा पाठवत होते, त्यामुळे ब्रिटिशांचा संशय काही खोटा नव्हता हो! सप्टेंबर १७८१ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या वायंडॉट (दुसरी एक मूळनिवासी जमात) आणि डेलावेअर योद्ध्यांनी गावातल्या सगळ्यांना उचलून वायव्येला सँडस्की नदीकडे नेलं, मिशनऱ्यांची डेट्रॉइटला चौकशी झाली आणि पुराव्याअभावी सुटले.

इकडे हिवाळ्यात लोक उपाशी, म्हणून काही जण शेतात राहिलेला मका आणायला परत गेले आणि ८ मार्च १७८२ ला पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने, म्हणजे अमेरिकन बाजूच्या नागरी सैन्याने, ग्नाडेनहुटेनला ९६ जणांना मारलं, त्यात ३९ मुलं. म्हणजे ज्यांना मिशनरी खबरा देत होते त्याच बाजूने! कोणालाही शिक्षा झाली नाही. मिशनरी तेव्हा तिथे नव्हते, वाचले.