एमएमएचं बाळ आणि रात्रीची इमर्जन्सी: नागपुरात कुठे न्यावं?

ताई, तुमची पोस्ट वाचली. दहा महिन्यांचा मुलगा, मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया (एमएमए, शरीरात प्रोटीन नीट वापरलं न जाणारा जन्मजात आजार), साध्या सर्दीत थेट आयसीयू, आणि आता "नागपुरात अशी मुलं कोणत्या हॉस्पिटलात वाचतात?" हा प्रश्न. माझ्या मुलीला प्रोपिऑनिक ॲसिडेमिया आहे, म्हणजे एकाच खानदानातला आजार. आहार, कार्निटिन हे औषध, बी-12 चं इंजेक्शन लागू पडतं का, हे तुम्हाला सांगितलंच असेल, ते सोडते. मी डॉक्टर नाही. डोस कुणाच्याही उत्तरावरून ठरवू नका, माझ्याही नाही.

हॉस्पिटलचं नाव विचारण्याआधी हे विचारा: रात्री दोन वाजता अमोनियाची टेस्ट तिथल्या तिथे होते का? आणि एवढ्या लहान बाळाचं डायलिसिस करणारे डॉक्टर रात्री येतात का? ताप, उलट्या, उपाशी पोट यापैकी काहीही झालं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं, रक्तात आम्ल आणि अमोनिया चढतो, मेंदूला सूज येते. तोवर कागदावर "गॅस्ट्रो" नाहीतर "सेप्सिस" (जंतुसंसर्ग अंगभर पसरणं) लिहिलेलं असतं. आमचं पहिलं बाळ जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेलं, त्याच्याही कागदावर सेप्सिसच होतं.

मुलीच्या वेळी तर आजार माहीत होता, जेनेटिक्सच्या डॉक्टरांचं पत्र हातात होतं. मे महिना, उलट्या सुरू, पोरगी पेंगुळलेली. शहरातलं नावाजलेलं हॉस्पिटल, नाव घेत नाही. सिस्टरने रक्त काढलं आणि ट्यूब माझ्या हातात देऊन बिलिंगला पाठवलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, रात्रीच्या लिस्टमध्ये ही टेस्टच नाही, पावती निघणार नाही. पावती नाही म्हणून लॅब घेईना. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच, साधारण पंधरा-वीस मिनिटांत, लॅबला पोचावं लागतं, नाहीतर ट्यूबमध्येच आकडा वाढत जातो. ती ट्यूब स्टीलच्या ट्रेमध्ये पावतीपुस्तकाशेजारी पडून होती, वर कूलरचा गरम वारा. मी बर्फ बर्फ करत होते. वर वॉर्डात तोवर "उलट्या आहेत, तोंडाने काही नको" म्हणून आरएलची (रिंगर लॅक्टेट, बिनसाखरेचं सलाईन) बाटली लावली. म्हणजे पोट रिकामं आणि सलाईनमध्ये साखर नाही! पत्राची पहिली ओळच होती: उपाशी ठेवू नका, 10 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालू करा. सकाळी रिपोर्ट आला तर "एवढा आकडा शक्य नाही, सॅम्पल खराब असेल, पुन्हा काढा." पुन्हा काढलं, तेव्हाही तसाच. तोवर ती डोळे उघडत नव्हती. नंतर तक्रार केली, तर उत्तर काय? "सिस्टीममध्ये नव्हतं." बाप्पा! पोरगी वाचली, शाळेत जाते, पण बोलणं मागे पडलं. त्यात आजार किती आणि ती रात्र किती, हे आता कोणी सांगू शकत नाही.

म्हणून फाइल नको, एक पानी पत्र करून घ्या, वजनाप्रमाणे डोस लिहिलेलं, आणि वजन वाढलं की बदलून घ्या. आजारपणात प्रोटीन बंद, पण 24 ते 48 तासांपलीकडे नाही, नाहीतर पुन्हा स्नायू मोडतात. साखर वाढली तर डेक्स्ट्रोज कमी न करता इन्सुलिनचा विचार करा. झटके आले तर व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचं औषध टाळा. हे सगळं त्यात हवं. बाळ ठणठणीत असताना दिवसा जाऊन मुलांच्या आयसीयूच्या मुख्य डॉक्टरांना भेटा, पत्राची प्रत तिथे ठेवा, आणि खाली बिलिंगच्या कॉम्प्युटरवर अमोनिया टाइप करून दाखवायला सांगा. हसतील, हसू द्या.

माझं एक मत अनेकांना पटत नाही: तापात बाळाला घेऊन थेट मुंबईची गाडी पकडू नका. आठशे किलोमीटर उपाशी प्रवास म्हणजे आगीत तेल. आधी इथे डेक्स्ट्रोज, मग हलवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. मुंबईचं केईएम हे 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे, 50 लाखांपर्यंत मदतीची सोय त्या धोरणात आहे. त्याची नोंदणी जरूर करा, पण बाळ बरं असताना.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. दोघं आईवडील या आजाराच्या जीनचे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची 25 टक्के शक्यता असते. या बाळाचा जीन रिपोर्ट जपून ठेवा. तो असला तर पुढच्या वेळी 11 ते 13 आठवड्यांत वारेच्या तुकड्यावरून तपासता येतं. आमच्या पहिल्या बाळाचं रक्त कुणी ठेवलंच नाही, म्हणून दुसऱ्या वेळी आम्हाला तपासायला काही नव्हतं.

आणि तुमच्या पोस्टमधल्या अमोनियाच्या 170 या आकड्यापुढे युनिट नाही. मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर असेल तर ते 100 मायक्रोमोल प्रति लिटरच होतात, मायक्रोमोल असेल तर प्रकरण वेगळं. रिपोर्ट बघून कळवा.