सर्व्हरची मेमरी कोण संपवतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : इतवारीत आमचं मिठाईचं दुकान आहे. संत्रा बर्फीच्या ऑर्डरी वेबसाइटवरून घेतो. सर्व्हर ४ जीबी रॅमचा. त्यावर उबुंटू, अपाचे (प्रीफोर्क), पीएचपी आणि मायएसक्यूएल. सणासुदीला रात्री एकदम ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ असं येतं. रीस्टार्ट केलं की चालतं. होस्टिंगवाले ८ जीबी घ्या म्हणतात. हा हल्ला आहे की गर्दी?
– एक दुकानदार, इतवारी

उत्तर : ८ जीबीचे पैसे अजून भरू नका. आधी ‘जर्नलसीटीएल -के’ चालवून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग वाचा. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’, ‘किल्ड प्रोसेस’ आणि पुढे मायएसक्यूएलडी (डेटाबेसचा चालू प्रोग्रॅम) दिसलं, तर डेटाबेस बिचारा निर्दोष आहे. मेमरी संपली की लिनक्स साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेला प्रोसेस मारतो. छोट्या सर्व्हरवर तो बहुधा मायएसक्यूएलच असतो. मेमरी खाल्लेली असते अपाचेने, म्हणजे पानं पाठवणाऱ्या वेब सर्व्हरने.

आता हिशेब मांडू. प्रीफोर्क या अपाचेच्या पद्धतीत एका वेळच्या प्रत्येक विनंतीला एक पूर्ण प्रोसेस लागतो आणि ‘मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स’ ही मर्यादा उबुंटूत मुळात १५० असते. पीएचपीसह एक प्रोसेस ६० एमबी धरला तर १५० गुणिले ६० म्हणजे सुमारे ९ जीबी. तुमच्याकडे ४ आहेत. ८ घेतले तरी सर्व्हर तसाच पडेल, फक्त थोडा उशिरा.

मग किती प्रोसेस ठेवायचे? ४,०९६ एमबीमधून सिस्टिमसाठी ५०० आणि मायएसक्यूएलसाठी १,००० बाजूला काढा. उरले सुमारे २,६००. भागिले ६०, म्हणजे ४३. पण थांबा, हा सरासरीचा हिशेब झाला, आणि सरासरी गर्दीला लागू पडते, हल्ल्याला नाही. त्रास देणारा माणूस तुमचं सर्वांत जड पान शोधून तेच मागत राहतो : शोध, बिलाची पीडीएफ, फोटो लहान करणं. पीएचपीची ‘मेमरी लिमिट’ मुळात १२८ एमबी असते. ४३ प्रोसेस तिथवर पोचले तर साडेपाच हजार एमबी लागतील. म्हणून मेमरी लिमिट ९६ वर आणा, त्यात सगळी पानं नीट चालतात का ते पाहा आणि प्रोसेस २० ठेवा. १,९२० एमबी होतात, अपाचेच्या स्वतःच्या खर्चालाही जागा उरते.

यानंतर एरर लॉगमध्ये कधीतरी एएच००१६१ क्रमांकाची ओळ येईल : मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. ते वाचून आकडा वाढवू नका. या ओळीला तुमची रॅम किती आहे हे माहीत नसतं. वीस जण आत आणि बाकीचे रांगेत, हे दुकान बंद पडण्यापेक्षा केव्हाही बरं.

मात्र २० जागा अडवून ठेवणं सोपं असतं. २००९ साली पुढे आलेला स्लोलोरिस हाच प्रकार करतो : जोडणी उघडायची, हेडरची (विनंतीच्या सुरुवातीच्या माहितीची) एकेक ओळ रेंगाळत पाठवायची, विनंती पूर्ण करायचीच नाही. त्यावर अपाचेचं ‘मॉड रेकटाइमआउट’ चालू असू द्या. हेडरला २० सेकंद, डेटा येत राहिला तर जास्तीत जास्त ४०, आणि किमान वेग सेकंदाला ५०० बाइट, हे त्याचे मूळ आकडे तुम्हाला पुरतात. अपाचेच्या पुढे एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर उभा केलात तर अधिक चांगलं. तो एका प्रोसेसमध्ये हजारो संथ जोडण्या अगदी थोड्या मेमरीत सांभाळतो आणि मूळ सेटिंगमध्ये विनंती पूर्ण आल्यावरच मागे अपाचेकडे सोडतो.

शेवटचं काम सिस्टिमडीत, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेत करायचं. अपाचेच्या सर्व्हिसला ‘मेमरी मॅक्स’ २,५०० एमबी लावा. मग काही चुकलंच तर अपाचेचाच प्रोसेस मरेल, ऑर्डरींचा डेटाबेस वाचेल. हल्ला की गर्दी, हे ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) सांगेल. मोजक्याच आयपींवरून एकच जड पान सतत मागितलेलं दिसलं तर संशय घ्या. पण वरची कामं दोन्ही वेळी हीच.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या स्कॅनरने अपाचे २.४.५२ वर सीव्हीई-२०२४-२७३१६ हा सुरक्षा दोष दाखवला आहे. दुरुस्ती २.४.५९ मध्ये आहे म्हणे, पण उबुंटू २२.०४ वर ती आवृत्ती मिळत नाही. काय करावं?
– सिस्टिम ॲडमिन, गायत्रीनगर

उत्तर : आकड्यावर जाऊ नका. उबुंटू जुन्याच आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती घालून देतं. वरचा आकडा तोच राहतो. ‘ॲप्ट चेंजलॉग अपाचे२’ चालवा आणि त्यात हा सीव्हीई क्रमांक शोधा. सापडला आणि तेच पॅकेज बसवलेलं असलं, तर स्कॅनरचा इशारा चुकीचा. अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट झाली आहे ना, तेवढं पाहा.

दोष समजून घेण्यासारखा आहे. एचटीटीपी/२ या ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या संवादाच्या पद्धतीत हेडर एका फ्रेममध्ये (तुकड्यात) मावले नाहीत तर पुढचे ‘कंटिन्युएशन’ फ्रेममध्ये येतात आणि शेवटच्या फ्रेमवर ‘हेडर संपले’ अशी खूण असते. हल्लेखोर ती खूण कधी पाठवतच नाही. अपाचेत हेडरला मर्यादा होती. पण ती ओलांडल्यावर विनंती करणाऱ्याला ४१३ (विनंती फार मोठी) असं नीट उत्तर देता यावं म्हणून जास्तीचे हेडर साठवले जात राहिले, आणि त्या साठ्याला मर्यादा नव्हती. विनंती पूर्ण होत नसल्याने ॲक्सेस लॉगमध्ये ओळही उमटत नाही, म्हणून लॉग स्वच्छ दिसला तरी निश्चिंत राहू नका. दुरुस्ती लगेच जमत नसेल तर ‘प्रोटोकॉल्स’ या ओळीत फक्त एचटीटीपी/१.१ ठेवा. प्रीफोर्क वापरत असाल तर तिथे २.४.२७ पासून एचटीटीपी/२ चालतच नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पात पायथनचा एपीआय (इतर प्रोग्रॅमकडून विनंत्या घेणारा भाग) जीझिपने दाबलेला जेसन डेटा घेतो. पुढे एन्जिनएक्सची १ एमबीची मर्यादा आहे. पुरेशी आहे का?
– विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : नाही. एन्जिनएक्स आलेली फाइल न उघडता तिचा आकार मोजतो. जीझिपमध्ये एकसारखा डेटा हजारपटीहून थोडा जास्त दाबता येतो, म्हणजे १ एमबीतून जवळपास १ जीबी बाहेर पडू शकतो. त्यावर जेसन वाचताना पायथनचे ऑब्जेक्ट आणखी मेमरी घेतात. ‘जीझिप डॉट डिकंप्रेस’ एका दमात सगळं उघडतं, ते टाळा. ‘झेडलिब’चा ‘डिकंप्रेसऑब्ज’ घ्या (जीझिपसाठी डब्ल्यूबिट्स ३१), त्याच्या ‘डिकंप्रेस’ला कमाल लांबी द्या, समजा ५ एमबी अधिक १ बाइट. तो एक जादा बाइट मिळाला की ४१३ पाठवून जोडणी तोडा. ‘कंटेंट लेंग्थ’वर विसंबू नका. तो दाबलेल्या मजकुराचा आकार असतो, आणि तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या विनंतीत तो नसतोच.