आरोग्य सर्वेक्षणातले अपंगत्वाचे आणि जगण्याच्या दर्जाचे आकडे कितपत खरे धरायचे?

आधी बघा उत्तर कोणी दिलंय, आकडा नंतर.

वॉशिंग्टन ग्रुप म्हणजे अपंगत्व कसं मोजायचं ते ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट, त्यांचे सहा प्रश्न बऱ्याच सर्व्हेत असतात, दिसणं, ऐकू येणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं, बोलणं. ते मला पटतात, कारण 'घरात अपंग कोणी आहे का' असं थेट विचारलं की लोक नाही म्हणून मोकळे होतात, इथे त्रास नाही, थोडा, खूप की अजिबात जमत नाही एवढंच सांगायचं असतं. पण सांगणार कोण?

मणक्याला मार लागल्यापासून मी व्हीलचेअर वापरते. आमच्याकडे असा सर्व्हे आला तेव्हा टॅब घेऊन आलेल्या मुलाने दारातच दादाला गाठलं आणि सगळं त्यालाच विचारलं. चालणं? अजिबात जमत नाही, बरोबर. स्वतःचं आवरणं? दादा म्हणाला, तेही नाहीच. अहो, बाथरूममध्ये भिंतीला दांडी आहे, स्टूल आहे, खुर्चीवरून स्टुलावर माझी मी सरकते, आंघोळ कपडे सगळं माझं मी करते, वेळ लागतो एवढंच. मग जगण्याच्या दर्जाचे प्रश्न आले. रोजची कामं? 'ती काय करणार बिचारी.' मी तेव्हा आत लॅपटॉपवर कंपनीचे हिशेब जुळवत होते, फुलटाइम नोकरी आहे माझी! आणि चिंता, उदासी विचारल्यावर म्हणे, 'छे, ती मजेत असते.' त्या दिवसांत मला रात्र रात्र झोप नव्हती, घरात कुणाला बोलले नव्हते. शेवटी आजची तब्येत ० ते १०० मध्ये किती, तर ३०. मी बाहेर येऊन ७० सांगितले तोवर फॉर्म सबमिट झाला होता.

दादाचा जीव आहे माझ्यावर, प्रश्न तो नाहीच. जे डोळ्यांना दिसतं ते घरचे बऱ्यापैकी सांगतात, दुखणं आणि मनातलं मात्र त्यांना कळत नाही, आणि जगण्याच्या दर्जाला ते बहुतेक वेळा आपण स्वतः देऊ त्यापेक्षा कमीच मार्क देतात. हे अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसलंय. दादा अजून म्हणतो, आम्ही घरचे, आम्हाला कळत नाही का. नाही कळत.

वरच्या पातळीवरही तेच. जागतिक रोगभाराच्या हिशेबात, म्हणजे कोणत्या आजाराने किंवा इजेने जगभरात किती आरोग्य जातं या मोजणीत, प्रत्येक अवस्थेला ० ते १ मधलं वजन देतात, ० म्हणजे ठणठणीत आणि १ म्हणजे मृत्यूइतकं. २०१० च्या फेरीत ही वजनं पाच देशांतल्या घरोघरच्या आणि ऑनलाइन मिळून ३०,००० वर सामान्य लोकांना दोन-दोन वर्णनं ऐकवून, यातला जास्त निरोगी कोण, असं विचारून काढली. उपचार मिळालेल्या, मानेखाली मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं वजन तेव्हा ०.०४७ आलं. पुढे वर्णन सुधारलं, लघवी-संडासवर ताबा राहत नाही हेही त्यात आलं, तर २०१३ च्या फेरीत तेच वजन ०.२९६! सहापट. ज्याने हे भोगलेलं नाही तो दोन ओळी ऐकून ठरवणार, मग ओळ बदलली की आकडा बदलणारच.

आता हेही खरं की डिमेन्शिया असेल, लहान मूल असेल, तर दुसऱ्याने उत्तर देण्याशिवाय इलाज नाही. आणि माझे ७० बघून कुणी 'ही खूश आहे, रॅम्प कशाला' म्हणत असेल तर तेही चूक, माणूस सवयीने जुळवून घेतो म्हणून जिना सपाट होत नाही. म्हणून काय जमतं आणि कसं वाटतं हे दोन आकडे वेगवेगळेच वाचा, एकत्र करू नका.

तुम्ही जो रिपोर्ट वाचताय त्यात दुसऱ्याने दिलेली उत्तरं किती टक्के आहेत ते शोधा. दिलेलंच नसेल तर चालण्याचा आकडा एक वेळ घ्या, मनाचा आणि दर्जाचा मी तरी धरणार नाही. आणि तुमच्या घरी कोणी सर्व्हेला आलं तर ज्याच्याबद्दल विचारतायत त्याला बाहेर बोलवा, मनाबद्दलचे प्रश्न आले की बाकीच्यांनी खोलीतून उठून जा. दादांनी तर आधी.