आयरिश कंट्री हाऊसमध्ये प्रथमच राहणाऱ्यांसाठी
आयर्लंडमधील जुन्या कंट्री हाऊसमध्ये (म्हणजे पाहुण्यांना उतरता येते अशा ग्रामीण भागातील मोठ्या घरात) पहिल्यांदाच राहणार असाल, तर कॉर्क परगण्यातील शानागॅरीजवळचे बॅलिमलू हाऊस निवडावे, असे मी सुचवेन. ॲलन दांपत्याने हे घर १९४८ मध्ये शेतीसह विकत घेतले आणि १९६४ मध्ये मर्टल ॲलन यांनी घरातल्याच जेवणाच्या खोलीत रेस्टॉरंट सुरू केले. पाहुण्यांसाठी खोल्या त्यानंतर आल्या. साहजिकच येथील मुक्कामाचा गाभा रात्रीचे जेवण हाच आहे. खोलीचे आरक्षण करतानाच जेवणाचे टेबलही राखून ठेवावे, नाहीतर दुसरी सोय शोधत ग्रामीण भागातील अरुंद रस्त्यांवरून गाडी चालवावी लागते (वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, एवढाच दिलासा). शाकाहारी असाल तर तसे आधीच लेखी कळवावे आणि अंडी व मासे चालतात की नाही, हेही स्पष्ट लिहावे; शेतातून आणि बॅलिकॉटनच्या बंदरातून काय आले यावर तेथील पदार्थ ठरत असल्यामुळे ऐन वेळी केलेली विनंती स्वयंपाकघराला जड जाते. अशा घरांतील खोल्या एकसारख्या नसतात, म्हणून जिने चढण्याचा त्रास असल्यास तळमजल्यावरील खोली मागून घ्यावी. स्वेटर उन्हाळ्यातही लागतो. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, तेव्हा बाग निवांत पाहता येते. व्हिसाचे मात्र वेळीच पाहावे, कारण आयर्लंड शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही आणि फ्रान्स-इटलीसाठी काढलेला व्हिसा तेथे चालत नाही.