वाचकांचे प्रश्न : सेवा करता करता आतून कोरडं पडलो तर?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मंडळीत काम करणाऱ्यांनी, म्हणजे संडे स्कूल टीचर, कमिटी मेंबर, तरुण संघवाले, गायनवाले, घरोघरी प्रार्थनेला जाणारे, अशा सगळ्यांनी ट्रेनिंगबद्दल आणि आत्मिक ताजेपणाबद्दल काय प्रश्न असतील ते पाठवावेत. खूप पत्रं आली आणि बरीचशी वाचताना डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगते. सगळी घेता येत नाहीत, पाच घेतलीत. नावं छापलेली नाहीत.

ताई, जय ख्रिस्त. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका मंडळीत १४ वर्षं संडे स्कूल घेते. नोकरी करते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मी बायबल फक्त धडा तयार करायला उघडते, स्वतःसाठी नाही. प्रार्थना तोंडाने होते पण आत काही हलत नाही. कमिटी म्हणते पुण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे, तुम्ही सिनिअर आहात, जाऊन या म्हणजे फ्रेश वाटेल. मला जायची इच्छाच नाही. हे पाप आहे का?

माझ्या बहिणी, नाही. पाप नाही.

बायबलमधलं १ राजे १९ काढून बघ. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम केलेला एलीया संदेष्टा, आणि पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतोय की प्रभू, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला तिथे भाषण दिलं नाही, नवीन जबाबदारी पण दिली नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला, परत उठवलं, परत खायला दिलं, कारण पुढचा प्रवास त्याला झेपला नसता. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी वगैरे त्यानंतर, ४० दिवस चालून गेल्यावर. आपण संदेशात नेहमी मंद वाणीवर येतो आणि भाकरीचा भाग घाईत उरकतो.

मी स्वतः २० वर्षांहून जास्त टीचर ट्रेनिंग घेतली आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मी हेच चुकीचं केलं. सकाळी सहाला प्रार्थना, रात्री दहापर्यंत सेशन, मध्ये जेवायला पाऊण तास. एकदा दुसऱ्या दिवशी दुपारी एक टीचर बसल्या जागी झोपली आणि मी तिला सगळ्यांसमोर बोलले. संध्याकाळी कळलं की ती आदल्या रात्री घरचं सगळं रांधून ठेवून, पहाटेची एसटी पकडून, धाकट्याला शेजारी ठेवून आली होती. मी तिची माफी मागितली, तिने केली पण, तरी ते मला आजही टोचतं. त्या बाईला फ्लॅनेलग्राफ (चित्रं चिकटवून गोष्ट सांगायचा कापडी फळा) कसा वापरायचा हे शिकायची गरज नव्हती, तिला कोणीतरी दोन दिवस ताट वाढून द्यायची गरज होती.

म्हणून मला मनापासून वाटतं की ट्रेनिंग वेगळं आणि ताजंतवानं होणं वेगळं, आणि आपल्या मंडळ्या ही दोन्ही एकच समजतात. काम कसं करायचं ते ज्याला येत नाही त्याला शिकवा. पण १४ वर्षं काम येणारी बाई दमलीये तर तिला अजून एक वर्कशॉप म्हणजे दमलेल्या बैलाला नवीन जू दाखवण्यासारखं आहे.

तू असं कर. पाळकसाहेबांना भेट आणि स्पष्ट सांग की मला जून ते ऑक्टोबर वर्ग नको, मी मागच्या बाकावर बसून उपासना ऐकणार. कारण द्यायला लाजू नकोस, सासूबाईंची सेवा ही पण सेवाच आहे. आणि या महिन्यांत बायबलचं एकच पुस्तक घे, स्तोत्रं घे हवं तर, रोज दहा-बारा ओळी, पेन वही न घेता. मुलांना हे कसं सांगू असा विचार डोक्यात येईलच, इतक्या वर्षांची सवय आहे, आला की पुस्तक मिटून तीच ओळ हळू आवाजात परत म्हण. वाचवत नसेल त्या दिवशी गा. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आहेत, ते भाकरी थापताना पण म्हणता येतात, आणि लक्षात घे की लिहिणारा माणूस स्वतः मिशनच्या चौकटीत घुसमटून १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार उभा करायला निघाला होता, त्यामुळे त्या ओळी आरामात बसून लिहिलेल्या नाहीत.

आणि सासूबाईंजवळ आठवड्यातून एक संध्याकाळ बसायला महिला मंडळातून कोणी येईल का ते विचार. विचारच. आपण दुसऱ्यांसाठी विचारतो, स्वतःसाठी नाही.

मी नवीन निवडून आलेला पास्टरेट कमिटी (पाळकांसोबत मंडळीचा कारभार बघणारी समिती) मेंबर आहे, वय ३१. आमच्याकडे ट्रेनिंगसाठी वर्षाला पंधरा हजार रुपये ठेवलेत. बाहेरून मोठा वक्ता बोलवावा की दोन जणांना शहरात कोर्सला पाठवावं? आणि ट्रेनिंगमध्ये नेमकं काय शिकवायचं?

भाऊ, दोन्ही नको. १९६३ साली ग्वाटेमालामधल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला कळून चुकलं की गावातले जे खरे पुढारी आहेत ते शेत आणि बायकापोरं सोडून तीन वर्षं शहरात येऊ शकत नाहीत, आणि जे तरुण येतात ते बरेचदा गावी परत जात नाहीत. मग त्यांनी उलटं केलं. पुस्तकं घरी दिली, माणूस आपापल्या वेळेला वाचणार, आणि शिक्षक ठरलेल्या दिवशी त्यांच्या भागात जाऊन सगळ्यांना एकत्र बसवणार. हीच पद्धत पुढे जगभर गेली, भारतात बंगळुरूच्या टॅफ्टी (TAFTEE) या घरबसल्या बायबल-शिक्षण देणाऱ्या संस्थेचं काम याच धर्तीवर चालतं. आपल्या गावाला ही पद्धत एकदम फिट बसते, ऊसतोडीच्या आणि कांद्याच्या सीझनमध्ये कोण तीन दिवस पुण्यात बसणार?

पंधरा हजारात वर्षभर महिन्यातून एक शनिवार संध्याकाळ आरामात होते, चहा-पोहे, झेरॉक्स आणि बाहेरून येणाऱ्याचं गाडीभाडं धरून. बाहेरून म्हणजे लांबून नाही, शेजारच्या पास्टरेटचे पाळक, रिटायर्ड हेडमास्तर, बँकेत काम केलेली एखादी बहीण.

विषय म्हणशील तर वचन कसं वाचायचं हा पाया आहेच, त्याशिवाय लोक ज्या गोष्टींत खरंच अडतात त्या घे. मयताच्या घरी गेल्यावर काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही (देवाची इच्छा होती हे वाक्य पहिल्या दिवशी कृपा करून नको). हॉस्पिटलमध्ये प्रार्थना दोन मिनिटांत कशी करायची. मिटिंगचा वृत्तांत कसा लिहायचा. दानार्पण मोजताना नेहमी दोन माणसं, तीही एकाच घरातली नाहीत, आकडा तिथल्या तिथे वहीत आणि दोघांच्या सह्या. हा अविश्वास नाही रे, मोजणाऱ्याच्या नावाला डाग लागू नये म्हणून आहे, पौलाने पण मदतीचा पैसा नेताना सोबत माणसं ठेवली होती, २ करिंथ ८ वाच.

आणि एक शनिवार पूर्ण मुलांच्या सुरक्षेला दे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा आहे आणि त्यात स्पष्ट आहे की लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं, कमिटीत बसून मिटवायचं नाही, मंडळीचं नाव जाईल म्हणून गप्प बसायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर संडे स्कूलच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा. हे शिकवल्याशिवाय कोणालाही वर्ग देऊ नका, मग तो कितीही प्रार्थनाशील असो.

आमच्याकडे गेल्या वर्षी तीन दिवस संजीवन सभा (आत्मिक जागृतीच्या सभा) झाल्या. लोक रडले, साक्षी दिल्या, भांडणं मिटली. चार महिन्यांत सगळं पूर्वीसारखं. मग त्याचा उपयोग काय?

रडणं खोटं नव्हतं, असं मला वाटतं. पण सभेच्या आधी काय होतं आणि नंतर काय ठरलं होतं हे बघावं लागतं.

केडगावच्या मुक्ती मिशनमधलं, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमातलं, १९०५ चं संजीवन सगळ्यांना माहीत आहे, पंडिता रमाबाईंचं. आपण जून महिन्यातल्या त्या रात्रीची गोष्ट सांगतो जेव्हा मुलींवर आत्म्याचा वर्षाव झाला. पण त्याच वर्षी जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण तयार आहे असं विचारलं होतं, तेव्हा ७० जणी पुढे आल्या होत्या आणि जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेपर्यंत गेली. म्हणजे पाच-सहा महिने रोजची बैठक, कोणी वक्ता नाही, स्टेज नाही. आणि नंतर? त्या मुली टोळ्या करून गावोगाव गेल्या. मुक्तीचं रोजचं काम, विहिरी, शेती, स्वयंपाक, छापखाना, ते चालूच राहिलं. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल करत राहिल्या, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली तरी हातातलं काम सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. एवढी वर्षं रोज उठून शब्दाला शब्द शोधणं, मला तर त्या रात्रीइतकंच हेही आत्म्याचं काम वाटतं.

तुमच्याकडे सभेच्या सोमवारी काय झालं? मांडव सोडला, वक्त्याला गाडीत बसवलं, आणि ज्यांनी साक्ष दिली त्यांना कोणी विचारलंच नाही की बुधवारी भेटायचं का. पुढच्या वेळी सभा घ्यायच्या आधीच पाच घरं ठरवा, सभेनंतर बारा आठवडे त्या घरांत प्रार्थना चालणार, आणि ती चालवणारी माणसं आधी तयार करा. माणसं तयार नसतील तर सभा पुढे ढकला, मांडववाल्याचा अ‍ॅडव्हान्स गेला तरी चालेल.

मी वसईचा, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) छोट्या ख्रिस्ती समूहाचं काम बघतो, कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षणाचे वर्ग पण घेतो. फादर म्हणाले आठ दिवसांची मौन रिट्रीट (एकांतातली प्रार्थना-साधना) कर. केळीची वाडी आहे, गुरं आहेत, आठ दिवस कसं जमणार? आमच्या बायकोचं म्हणणं मोठ्या रिट्रीट सेंटरला जाऊ, तिथे गाणी-स्तुती असते, मौन तुम्हाला झेपणार नाही.

दादा, येशूसंघ (जेझुइट) सुरू करणाऱ्या संत इग्नेशियसने हा प्रश्न तुमच्या आधी पाचशे वर्षं ओळखला होता. तो स्वतः सैनिक, १५२१ मध्ये पांप्लोनाला तोफगोळ्याने पाय मोडला, मग मानरेसाला बरेच महिने एकांतात काढले आणि त्यातून मौन रिट्रीटमध्ये करतात ती आत्मिक साधना लिहिली, पूर्ण केली तर साधारण ३० दिवसांची. पण सुरुवातीच्याच सूचनांमध्ये, १९ वी सूचना आहे बघा, त्याने लिहून ठेवलंय की ज्याच्यामागे कामधंदा आहे, जो सोडून येऊ शकत नाही, त्याने घरीच राहून रोज दीड तास काढावा आणि मार्गदर्शन करणाऱ्याला भेटत राहावं. मग ३० दिवसांचं बरेच महिने होतात, होऊ दे. पहाटे वाडीत पाणी सोडायच्या आधीचा वेळ बघा. फादरांना ही १९ वी सूचना सांगा, ते नक्की ओळखतील.

बायकोच्या बोलण्यात पण तथ्य आहे, काही लोक गाण्यातून उघडतात. तुम्ही दोघं मिळून एक वीकएंड तिकडे जा आणि घरी हे पण करा. फक्त एक, समूहातल्या लोकांना घेऊन जाऊ नका, पंचवीस जणांची बस ठरवली की तुम्ही पुन्हा व्यवस्थापक झालात, मग पाण्याची बाटली कोणाची आणि कोण मागे राहिलं यातच तुमचा वेळ जाणार.

आमच्या मंडळीत एक वडील २९ वर्षं खजिनदार आहेत, वय ७४. चांगले आहेत, प्रामाणिक आहेत, पण कोणाला काही शिकवत नाहीत. तरुण पोरं कंटाळून दुसऱ्या चर्चला जातायत. त्यांना कसं सांगायचं?

बायबलमधल्या गणना ८ चा शेवट त्यांच्यासोबत बसून वाचा. लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या तंबूत सेवा करणाऱ्या वंशाने, २५ व्या वर्षी सेवेत यायचं आणि ५० व्या वर्षी काम सोडायचं, पण तंबू सोडायचा नाही, तिथेच भावांना साहाय्य करायचं, राखण करायची. म्हणजे घरी पाठवलं नाही, काम मात्र हातातून काढून घेतलं. आपण दोनच गोष्टी करतो, एकतर मरेपर्यंत खुर्चीवर ठेवतो नाहीतर एका वार्षिक सभेत अपमान करून काढतो.

हे कमिटीत विषय म्हणून आणू नका. पाळकसाहेब आणि त्यांच्या वयाचं कोणीतरी एक असे दोघं घरी जा, चहा घ्या, २९ वर्षांचे आभार आधी माना, खरे माना, कारण या २९ वर्षांत किती रात्री ते हिशोब जुळेना म्हणून जागे राहिले असतील कोणाला माहीत. मग विचारा की काका, वर्षभर एका पोराला तुमच्या शेजारी बसवाल का, दर रविवारी वही त्याने लिहायची, तपासायची तुम्ही. नाव त्यांनाच सुचवू द्या. आणि ज्या पोराचं नाव निघेल त्याला आधीच सांगून ठेवा की पहिले सहा महिने मोबाईल अ‍ॅप आणि एक्सेलचं नाव काढायचं नाही, आधी काकांच्या वहीतले कॉलम नीट शिकायचे.